चाक लोंबकळत असताना बुश आवळू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरत आला की कोल्हापुरात जुन्या गाड्यांच्या पुढच्या चाकांतून खटक-खटक आवाज यायला लागतात. लोअर आर्मची (पुढचे चाक खालून चासीला जोडणाऱ्या दांड्याची) जोडी आता घरपोच मिळते, मोबाइलवर दहा मिनिटांत आर्म बदलून दाखवणारेही भरपूर आहेत, त्यामुळे अनेक जण हे काम दारातच काढतात. काढावे, त्यात अवघड काही नाही. पण काही महिन्यांतच नवे बुश, म्हणजे आर्म चासीला जिथे बसतो तिथले रबरी सांधे, फाटतात आणि ‘माल डुप्लिकेट निघाला’ म्हणून लोक ते आर्म उद्यमनगरात घेऊन येतात. त्यांतले बरेच बुश मालामुळे नव्हे, चुकीच्या वेळी आवळल्यामुळे फाटलेले असतात. हे पत्र मुख्यतः त्यासाठी.

आधी आर्मच खराब आहे ना, याची खात्री करावी. चाक उचलून वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या 12 आणि 6 च्या जागी धरून हलवावे आणि दुसऱ्याने खालून बॉल जॉइंटकडे, म्हणजे आर्मच्या चाकाकडच्या टोकाच्या गोल सांध्याकडे, पाहावे. तिथे हालचाल दिसली तर जॉइंट गेला. 3 आणि 9 च्या जागी धरल्यावरच हलत असेल तर टाय रॉड एंड (स्टीअरिंगचा चाकाकडचा सांधा) बघा. दोन्हीकडून हलत असेल तर बेअरिंगचा संशय घ्या. बुश तपासायला आर्म आणि चासीच्या मध्ये पहार घालून हलके रेटावे, रबराची चीर लगेच उघडते. ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला झटका देत असेल तर बहुधा आर्मचा मागचा बुश गेलेला असतो. लहान खड्ड्यावरचा टकटक आवाज मात्र पुष्कळदा स्वस्तातल्या लिंक रॉडचा (वळणावर गाडीचा कल रोखणाऱ्या स्टॅबिलायझर बारला जोडलेल्या छोट्या दांडीचा) निघतो. तो आधी बघितला तर आर्मचे पैसे वाचतात. 2019 आणि 2021 च्या पुरात ज्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या, त्यांच्या बॉल जॉइंटचे रबरी बूट विशेष बारकाईने तपासा. बूट चिरलेला असेल तर आत गाळ जातो आणि जॉइंट वाळूकागदाने घासल्यासारखा झिजतो. तो पुरता निसटला तर चाक गाडीखाली मुडपते. हे दुखणे पुढे ढकलण्यातले नाही.

आर्म जोडीनेच बदलावा. आवाज डावीकडे असला तरी उजवीकडचा तितकाच जुना असतो. फक्त बुश बदलायचे असतील तर ते घरी हातोड्याने ठोकू नयेत, नळी वाकडी होते. उद्यमनगरात प्रेसवर दहा मिनिटांचे काम आहे. मात्र बुशच्या रबरात पोकळ खाचा असतील तर त्या कोणत्या दिशेला आहेत याची खूण काढण्याआधीच आर्मवर करून ठेवावी. नवा आर्म घेताना बॉल जॉइंटची दांडी बोटाने हलवून पाहा. ती जड हलली पाहिजे, स्वतःच्या वजनाने लुळी पडत असेल तर परत करा. नायलॉनचे नट आणि कॉटर पिन नवेच घ्या.

बोल्टांवर गंज सोडवणारा स्प्रे आदल्या रात्री मारून ठेवावा. गाडी सपाट आणि पक्क्या जागी उभी करा. आपल्याकडे अंगणात शहाबादी फरशी असते, जॅकच्या टोकदार वजनाने ती फुटते आणि जॅक कलंडतो. म्हणून खाली जाड फळी हवीच. हँडब्रेक लावून मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे द्यावेत. गाडी उचलण्याआधी टेपने एक माप घ्या: चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत. दोन्ही बाजूंचे लिहून ठेवा, शेवटी तेच कामाला येते. मग चाकाचे नट जमिनीवरच सैल करून पुढच्या दोन्ही बाजू उचलाव्यात आणि चासीच्या भक्कम जागी घोड्या (गाडी तोलून धरणारे लोखंडी स्टँड) लावाव्यात. एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर बार पिळलेला राहतो आणि लिंक काढताना झटका देतो. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नये, विटांवरच्या तर मुळीच नाही.

लिंक सोडवल्यावर बॉल जॉइंट. बऱ्याच छोट्या गाड्यांत त्याची दांडी नकलच्या (चाक ज्यावर बसते तो हब धरणाऱ्या लोखंडी भागाच्या) फटीत बसते आणि आडवा पिंच बोल्ट तिला दाबून धरतो. हा बोल्ट सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. कारण तो दांडीच्या खोबणीतून गेलेला असतो. हे माहीत नसलेला माणूस तासभर हातोडा मारत बसतो आणि बोल्टचे आटे बसवून टाकतो. बोल्ट निघाल्यावर फटीत पातळ छिन्नी हलकीशी बसवा आणि आर्म पहारीने खाली दाबा. छिन्नी जोरात ठोकली तर नकलला तडा जातो, आणि त्याची किंमत आर्मपेक्षा जास्त. निमुळत्या दांडीचा जॉइंट असेल तर नट दोन-तीन आटे धरून ठेवून नकलच्या डोळ्यावर बाजूने हातोड्याचे दोन-तीन फटके द्यावेत. डोळा साफ करून कोरडाच ठेवा, निमुळत्या बैठकीला ग्रीस लावू नये.

नकल मोकळा झाला की बाहेर झुकतो. त्याला तारेने शॉकअब्सॉर्बरला बांधा. नाहीतर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटतो, ब्रेकचा होज ताणला जातो आणि एबीएस असेल तर त्याची वायर तुटते.

बुशचे बोल्ट आतल्या नळीला गंजून चिकटलेले असतात. पाव फेरी सोडा, परत आवळा, स्प्रे मारा, पुन्हा सोडा. काही गाड्यांत नट चासीच्या आत वेल्ड केलेला असतो, तो फिरू लागला की पत्रा कापावा लागतो. म्हणून इथे जोर करू नये. मारुती 800 सारख्या गाडीत आर्मला पुढे-मागे धरून ठेवण्याचे काम स्टॅबिलायझर बारच करतो आणि त्याचे टोक आर्मच्या भोकातून जाते. तिथल्या वायसर आणि रबरांचा क्रम व तोंडाची दिशा सोडण्याआधी मोबाइलवर टिपून ठेवा.

आता मुख्य गोष्ट. बुश म्हणजे एकात एक दोन लोखंडी नळ्या आणि मध्ये त्यांना चिकटवलेले रबर. बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर घट्ट जाम होते, ती फिरत नाही. आर्म वर-खाली होतो तो रबर पिळून. आर्म फूटभर लांब आणि चाक तीन इंच खाली लोंबकळत असेल तर तो सुमारे 14 अंश कललेला असतो. तशात बोल्ट आवळला तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचे 14 अंश पिळलेले राहते, आणि वरून प्रत्येक खड्ड्याचा पीळ वेगळा. अशा फाटलेल्या बुशला आतल्या नळीभोवती चंद्रकोरीसारखी चीर असते. तक्रार घेऊन दुकानात जाण्याआधी ती जरूर पाहावी.

म्हणून पिंच बोल्ट लगेच पूर्ण आवळा, पण बुशचे बोल्ट हाताने घट्ट होतील एवढेच. चाके लावून गाडी खाली उतरवा, पुढून दोन-तीनदा दाबून सोडा आणि वजन चाकांवर असतानाच ते आवळा. खाली पाना पोचत नसेल तर चाक काढलेले असताना हबखाली जॅक लावून आधी घेतलेले माप येईपर्यंत हब वर घ्यावा आणि मग आवळावे. गाडी घोडीवरून सुटू लागली तर थांबा. टॉर्क (आवळण्याचा जोर) अंदाजाने नको. छोट्या गाड्यांत पिंच बोल्टचा आकडा साधारण 50 ते 60 न्यूटन मीटर आणि बुशच्या बोल्टचा त्याहून बराच जास्त असतो, पण आपल्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये बघूनच टॉर्क रेंच वापरावा.

आपल्याकडे धुलाईनंतर गाडीच्या खालून डिझेल-ऑइलचा फवारा मारून घ्यायची हौस आहे. करकर थांबते खरी, पण या तेलाने रबर फुगून मऊ होते. नव्या बुशवर तो नको. आर्म विकणाऱ्या दुकानदारांनी ‘वजन चाकांवर आल्यावरच आवळा’ एवढी एक ओळ बिलावर लिहून दिली तर त्यांच्याही परतीच्या कटकटी कमी होतील.

काम झाल्यावर अलाइनमेंट त्याच दिवशी करावी, टो (पुढच्या चाकांचा आत-बाहेर वळलेपणा) बदललेला असतो आणि टायरची कड लवकर खाल्ली जाते. शंभरेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत. पहिल्यांदा करणाऱ्याला दोन्ही बाजूंना अर्धा दिवस सहज लागतो. बोल्ट तुटला तर दुकान उघडे असले पाहिजे, म्हणून सुरुवात शनिवारी सकाळी करावी, रविवारी दुपारी नव्हे.

– एक फिटर, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर