अंगुळ, जव आणि प्रोटॉन

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील प्राचीन मापनपद्धतीवरच्या लेखात असे म्हटले आहे की, अंगुळाला, म्हणजे बोटाच्या रुंदीएवढ्या मापाला, सातने दहा वेळा भागले की येणारे उत्तर हायड्रोजनच्या अणूशी जुळते आणि त्याअर्थी आपल्या पूर्वजांना अणूचा आकार ठाऊक होता. भागाकार बरोबर आहे, अनुमान मात्र पटण्याजोगे नाही. आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवल्यामुळे, आणि निवृत्तीनंतर वेळही भरपूर असल्यामुळे, मी हा हिशेब कागद-पेन्सिल घेऊन पुन्हा मांडला.

लेखातले कोष्टक ‘ललितविस्तर’ या बौद्ध संस्कृत ग्रंथातले आहे. सात परमाणूंचा एक अणू, सात अणूंची एक त्रुटी, असे करत दहाव्या पायरीला आपण बोटाच्या पेरापाशी पोहोचतो, म्हणजे एका अंगुळात २८,२४,७५,२४९ परमाणू होतात. अंगुळ १९ मिलिमीटरचे धरले तर परमाणू ०.०६७ नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) ठरतो आणि हायड्रोजनची बोर त्रिज्या, म्हणजे त्याच्या अणूची ढोबळ त्रिज्या, ०.०५३ नॅनोमीटर आहे. कोणीही चकित व्हावे अशीच ही जुळणी आहे. परंतु कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’ उघडले की चित्र पालटते. तेथे आठ परमाणूंचा रथाच्या चाकाने उडालेला एक धूलिकण, तसल्या आठ कणांची एक लीख, आठ लिखांची एक ऊ, आठ उवांचा जवाच्या दाण्याचा मधला भाग आणि तसे आठ जव म्हणजे एक अंगुळ, असा क्रम आहे. पायऱ्या पाचच असल्याने अंगुळात ३२,७६८ परमाणू बसतात आणि प्रत्येकाचा आकार सुमारे ५८० नॅनोमीटर, म्हणजे लहानशा जिवाणूएवढा येतो. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त आठाची एक पायरी जास्त आहे, तेथे उत्तर ७२ नॅनोमीटर मिळते. शब्द एकच, आणि पहिल्या दोन उत्तरांत साडेआठ हजार पटींहून अधिक तफावत! लेखकाने तिन्हीपैकी जुळणारे तेवढे उचलले.

शब्दाचीही एक गंमत आहे. हिंदीत ज्याला ‘परमाणु’ म्हणतात त्याला आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘अणू’ म्हणतात आणि हिंदीतला ‘अणु’ हा आपला ‘रेणू’. तेव्हा मराठी विद्यार्थ्याने ‘ललितविस्तरा’तला ‘अणू’ शब्दशः घेतला, तर त्याला सातपट मोठा, ०.४७ नॅनोमीटरचा अणू मिळेल आणि जुळणी तिथेच मोडेल. आधुनिक काळात परिभाषा घडवणाऱ्यांनी कोणता जुना शब्द कोणत्या नव्या कल्पनेला दिला, यावर प्राचीन ज्ञानाचा पुरावा अवलंबून राहावा, हे विचित्र आहे.

मी वाण्याकडून मूठभर जव आणले आणि आठ दाणे पोटाला पोट लावून पाटावर मांडले. ओळ २६ मिलिमीटर भरली. माझ्या मधल्या बोटाची रुंदी १८ मिलिमीटर आहे. आजचे वाण टपोरे असणार, हे मान्य; तुकोबांच्या ‘सुख पाहता जवापाडे’मधला जव कदाचित किरकोळ असेल. पण एक पायरी खाली उतरले की ही पळवाटही उरत नाही. कौटिल्याच्या हिशेबाने ऊ ०.३ मिलिमीटरची आणि लीख ०.०४ मिलिमीटरचीही नाही. प्रत्यक्षात डोक्यातली ऊ दोन-तीन मिलिमीटर लांब असते आणि लीख पाऊण मिलिमीटरच्या आसपास. घरात शाळकरी मुलगी असलेल्या कोणत्याही आईला हे ठाऊक आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या उवेपाशी ज्या जातीचे कोष्टक सात-आठ पटींनी चुकते, त्याच जातीचे दुसरे कोष्टक न दिसणाऱ्या अणूपाशी अचूक ठरले तर त्याला योगायोग म्हणावे लागते. ही कोष्टके रचणाऱ्यांना बोल लावण्याचे कारण नाही. लहानाहून लहान काय, याची त्यांनी एक सुबक उतरंड लावली होती, मोजणी केल्याचा दावा त्यांनी कुठे केलेला नाही. मोजणी झाली ती १८६५ साली. ऑस्ट्रियन वैज्ञानिक योहान लोश्मिट यांनी वायूंच्या गुणधर्मांवरून रेणूचा व्यास सुमारे एक नॅनोमीटर काढला. तो काहीसा मोठाच निघाला, पण कसा काढला ते त्यांनी सांगितले असल्यामुळे पुढच्यांना तो सुधारता आला.

लेखाच्या शेवटी हीच पद्धत प्रोटॉनपर्यंत, म्हणजे हायड्रोजनच्या अणुकेंद्रापर्यंत, नेता येईल असे सुचवले आहे. आकड्यांपुरते म्हणाल तर प्रोटॉनचा व्यास साधारण १.७ फेम्टोमीटर (फेम्टोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा दहा लाखावा भाग) आहे, म्हणजे एका अंगुळात अकरा लाख कोटी प्रोटॉन शेजारी शेजारी मावतील. पण २०१० साली स्वित्झर्लंडमधील एका प्रयोगात प्रोटॉनची त्रिज्या ०.८८ ऐवजी ०.८४ फेम्टोमीटर आली, तेव्हा या चार टक्क्यांच्या फरकाने भौतिकशास्त्रज्ञांना अनेक वर्षे स्वस्थ बसू दिले नाही. माझ्या आणि माझ्या मुलाच्या बोटात याच्या तिप्पट फरक आहे.

मुलांना अंगुळ आणि जव जरूर शिकवावेत. प्रोटॉन जवाच्या दाण्याएवढा, म्हणजे तीन मिलिमीटरचा मानला, तर हायड्रोजनचा अणू जवळजवळ १९० मीटर रुंद होतो, हे शाळेच्या मैदानावर दाणा ठेवून दाखवता येते. आपण तिन्ही ग्रंथांतली कोष्टके पुरवणीत शेजारी शेजारी छापावीत, भागाकार विद्यार्थी स्वतःच करतील, एवढीच विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा