बांबू फोडायला शिकवणाऱ्याची मजुरी कोण देणार?

मा. कौशल्य विकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

टोपली विणणं सोपं आहे. उभ्या कामट्या विषम धरल्या की दुसऱ्या फेऱ्यात बेळ, म्हणजे विणायची आडवी पातळ पट्टी, आपोआप उलट्या अंगाने जाते. दोन दिवसांत कोणालाही जमतं. अवघड आहे ते बांबू फोडणं. चीर एका बाजूला पळायला लागली की जाड अंग वाकवून तिला मधोमध आणायचं, पेराच्या गाठीवर कोयत्याला घाई करू द्यायची नाही, बाहेरची चिवट पाठ आणि आतलं ठिसूळ पोट वेगळं करायचं. यात माझा अख्खा हिवाळा गेला. मी बांबू हातात घेतला की मला शिकवणाऱ्या आत्याची टोपली तेवढा वेळ थांबायची. त्या थांबण्याचे पैसे तिला कोणी दिले नाहीत.

मागे एका शिबिरात गेले होते. मशीनवर कापलेल्या तयार पट्ट्या, आठवडाभर विणकाम, शेवटी प्रमाणपत्र आणि फोटो. कोयता कोणी हातात धरलाच नाही!

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत टोपल्या करणारेही आहेत, हे चांगलंच झालं. मूलभूत प्रशिक्षण ५ ते ७ दिवस, विद्यावेतन रोज ५०० रुपये. पण ती आधीच धंद्यात असलेल्यांसाठी, आणि कुटुंबातल्या एकालाच. बुरुडाच्या घरात नवरा फोडतो, बायको विणते. अर्जावर कारागीर कोण लिहायचं?

ती योजना केंद्राची, मान्य. आयटीआय तर तुमच्याकडे आहेत. जाणत्या बुरुडाच्या अंगणातच सहा महिने दोन शिष्य बसवा आणि शिकवण्याची मजुरी थेट त्याच्या खात्यात टाका. नेमताना शाळेचा दाखला मागू नका, त्याने केलेल्या सुपाची किनार बघा. बांबू हिरवा द्या, वाळलेला नीट फुटत नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर बांबू वन कायद्याच्या लेखी झाड राहिलेला नाही, त्यामुळे शेतकऱ्याकडून तो घेणं अवघड नसावं.

आत्याला आता कमी दिसतं, पण बांबू ती अजूनही आवाजावर फोडते. तुमचा आदेश निघाला तर पहिले दोन शिष्य मी आणून देते.

आपली,
बुरूडकाम करणारी एक बाई