तांबट आळीतील कारागीर काकांचे आभार
समकालीन कलेच्या नवोदित अभ्यासकांना प्रत्यक्ष वस्तू हाताळून संशोधन शिकवणाऱ्या नाशिकमधील कार्यशाळेसाठी आणलेले ठोकीव तांब्याचे शिल्प पावसाने खोक्यातच भिजले, आणि कोणी चिंच, तर कोणी लिंबू सुचवू लागले. तांबट आळीतील एक वयस्कर कारागीर हातातले काम सोडून आमच्याबरोबर आले, जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने त्यांनी सांध्यासांध्यांतले पाणी टिपले, पण आंबटाने तांब्यावर वर्षानुवर्षे चढलेला रंगही उतरेल, असे सांगून घासू मात्र दिले नाही. मग आमची बोटे पत्र्यावर टेकवून ठोका कोठे आतून, कोठे बाहेरून बसला आहे, हे त्यांनी ओळखायला शिकवले. आमच्या टिपणांत यातले काहीच नव्हते. मजुरी त्यांनी नाकारली (चहाही अर्धाच घेतला) आणि नाव न सांगताच ते परतले. काका, आपले मनःपूर्वक आभार.