सूचना : डेटास्टोरचे पिवळे-लाल अलर्ट

मंडळी, नमस्कार.

कापूस खरेदी सुरू झाली की वजनकाट्याच्या आणि बिलांच्या नोंदी वाढतात, आणि आपल्या व्हीस्फिअरवर (एका मशीनवर अनेक आभासी संगणक, म्हणजे व्हीएम, चालवणारी व्हीएमवेअर कंपनीची प्रणाली) डेटास्टोरचे, म्हणजे व्हीएमच्या फाइली ठेवायच्या जागेचे, अलर्ट सुरू होतात. मूळ सेटिंग कुणी बदललं नसेल तर जागा 75 टक्के भरली की पिवळा, 85 ला लाल. पिवळा दिसला की लगेच गटात फोटो टाकू नका. आधी स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती, पाहा. बहुतेक वेळा चोर तिथंच सापडतो. अपडेटआधी घेतलेला स्नॅपशॉट काढायचं राहून जातं आणि त्यानंतरचे बदल साठवणारी डेल्टा फाइल गुपचूप फुगत जाते. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, राजेहो! 72 तासांवर ठेवू नका, असं खुद्द व्हीएमवेअरचं सांगणं आहे.

यादीत स्नॅपशॉट नाही, तरी 'डिस्क कन्सॉलिडेशन' (डेल्टा फाइली मूळ डिस्कमध्ये मिसळणं) मागतंय? बॅकअपचं काम चालू आहे का बघा. त्यानं डिस्क धरून ठेवलेली असते. ते संपलं की कन्सॉलिडेट करा. डेटास्टोरमध्ये शिरून व्हीएमडीके फाइली (व्हीएमच्या डिस्कच्या फाइली) हातानं मात्र कोणीही उडवू नका.

थिन डिस्कवाल्यांनी (लागेल तशीच जागा घेत जाणारी डिस्क) विशेष लक्ष द्या. वाटलेली जागा खऱ्या जागेपेक्षा जास्त असू शकते, आणि डेटास्टोर भरला की व्हीएम थबकते, तेही नेमकी काट्यावर गाड्यांची रांग असताना.

लाइन जाऊन आल्यावर 'पाथ रिडंडन्सी'चा (स्टोरेजकडे जाणारा पर्यायी मार्ग तुटल्याचा) अलर्ट आला तर केबल आणि स्विच तपासा. चालू करताना आधी स्विच, मग स्टोरेज, मग होस्ट (व्हीएम चालवणारं मशीन). कारण न शोधता 'रिसेट टू ग्रीन' दाबायचं नाही.

तरी अडलंच तर व्हीएम, डेटास्टोर आणि अलर्टची वेळ लिहून गटात टाका.