ताबा दिला असं लिहिलं म्हणजे दिला का?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

माझ्या चुलतभावाने मागच्या दिवाळीच्या आधी चोपडा तालुक्यात दोन एकर शेत घेतलं. खरेदीखतात ओळ होती, "मिळकतीचा प्रत्यक्ष ताबा आजरोजी खरेदीदारास दिला आहे". सह्या झाल्या, अंगठे झाले, पेढे वाटले. संध्याकाळी शेतात गेलो तर विकणाऱ्याची कपाशी कमरेएवढी उभी आणि त्याचा सालदार म्हणतो, मालकाने सांगितलंय वेचणी होईपर्यंत कोणाला आत येऊ द्यायचं नाही.

आपल्याकडे सगळ्यांना वाटतं कागद झाला की काम झालं. 100 रुपये किंवा जास्त किमतीची जमीन रजिस्टर दस्ताशिवाय विकत घेता येत नाही हे बरोबरच आहे, पण त्याच 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 54 मध्ये हेही आहे की विकणारा घेणाऱ्याला ताब्यात बसवतो तेव्हाच डिलिव्हरी होते. म्हणजे हद्द दाखवली पाहिजे, विहिरीच्या मोटरची चावी हातात आली पाहिजे आणि सालदाराने बाजूला झालं पाहिजे.

मालाचंही तसंच. 1930 च्या मालविक्री कायद्यात डिलिव्हरी म्हणजे स्वखुशीने ताबा दुसऱ्याला देणं. रावेर-यावलकडे व्यापारी स्वतःच्या मजुरांकडून केळी कापून घेतो, काटा करतो, स्वतःच्या गाडीत भरतो, आणि मग दोन दिवसांनी फोन येतो की पुढे माल काळा निघाला, भाव कमी करा. अहो, माल तुमच्या गाडीत गेला तेव्हाच तुमचा झाला ना! आणि हरभरा गोडाऊनला असेल तर नुसती पावती दाखवून भागत नाही, माल आता तुमच्या नावाने ठेवलाय हे गोडाऊनवाल्याने घेणाऱ्याला कबूल करावं लागतं (कलम 36). शेअरवाली पोरंसुद्धा "डिलिव्हरी घेतली" म्हणतात ती शेअर डिमॅटला जमा झाल्यावरच खरी.

दस्त लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, तयार मसुद्यातली ती ताब्याची ओळ डोळे झाकून टाकू नका. पीक उभं असेल तर तसं लिहा, ताबा कोणत्या तारखेला देणार तेही लिहा आणि थोडी रक्कम तोवर राखून ठेवायला सांगा. खोट्या ओळीवर सही केली की पुढे भांडायला तोंड राहत नाही, भावाला वकिलाने हेच सांगितलं.

त्याला ताबा मिळाला तो फेब्रुवारीत, फरदड (वेचणीनंतरही शेतात ठेवलेली कपाशी) उपटून झाल्यावर. हरभऱ्याची पेरणी तोवर गेली होती.

आपला नियमित वाचक,
एक शेतकरी, जि. जळगाव