रिकामा ११० कॅमेरा ‘बंद’ ठरवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या प्लास्टिक कॅमेऱ्यांना आपल्या पुरवणीत जागा मिळाली, याचा आनंद झाला. पण त्यातल्या चपट्या, खिशात मावणाऱ्या ११० कॅमेऱ्यांना निव्वळ शोभेची वस्तू ठरवले, हे पटले नाही.

या कॅमेऱ्यांत लागणारी, कोडॅकने १९७२ मध्ये आणलेली ‘११०’ फिल्म १६ मिमी रुंद असते. ती बंद कार्ट्रिजमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या डबीत, येते आणि प्रत्येक फोटोसाठी तिला एकच भोक असते. खरी गोम त्या भोकातच आहे. बहुतेक ११० कॅमेऱ्यांत एक बारीक पिन भोकात अडकते, फिल्मबरोबर सरकते आणि त्यानेच शटर, म्हणजे क्षणभर उघडून प्रकाश आत सोडणारी झडप, ताणले जाते. फिल्म नसली की पिनला ओढणारे काही उरत नाही. बटण दाबून आवाज येत नाही आणि धडधाकट कॅमेरा भंगारात जातो!

तपासणी सोपी आहे. मागचे झाकण उघडून लाकडी काडीने ती पिन फिल्म ओढणाऱ्या दातेरी चाकाच्या दिशेला शेवटपर्यंत ढकलावी. काही मॉडेलांत पिन तशीच धरून फिल्म पुढे नेण्याची कळही चालवावी लागते. मग कॅमेरा उजेडाकडे धरून बटण दाबावे. मागून पाहताना प्रकाश क्षणभर चमकला, तर शटर ठीक आहे. प्लास्टिकच्या भिंगाला थिनर किंवा ॲसिटोन मुळीच लावू नये, ते कायमचे धुरकटते.

फोटो हलण्याचा दोष भिंगावर टाकला जातो, तोही अन्यायच. निगेटिव्ह जेमतेम १३×१७ मिमीची. १५ सेंमी रुंद प्रिंटसाठी ती जवळपास नऊपट मोठी करावी लागते. ३५ मिमी फिल्मला चारपट पुरते. म्हणजे निगेटिव्हवरचा तेवढाच धूसरपणा प्रिंटमध्ये दुप्पट दिसतो. शिवाय साध्या मॉडेलांत शटरचा वेग आणि फोकस दोन्ही ठरलेले. म्हणून भरपूर ऊन, माणसापासून किमान दीड मीटर अंतर, कोपर अंगाशी, आणि बटण हळू दाबणे एवढे पाळावेच. बोट भिंगावर आले तरी व्ह्यूफाइंडरमध्ये दिसत नाही, हेही लक्षात असू द्यावे. आकडा दाखवणाऱ्या मागच्या खिडकीतून उजेड झिरपत असेल तर तिच्यावर काळी टेप लावावी आणि आकडा सावलीतच पाहावा.

फिल्मही मिळते, लोमोग्राफी या कंपनीने २०१२ मध्ये ती पुन्हा काढली. रंगीत फिल्म धुण्याची रसायने ३५ मिमीचीच, सी-४१ या नेहमीच्या पद्धतीची. अडते ते धुताना फिल्म गुंडाळायच्या १६ मिमीच्या रीळावर आणि स्कॅनरमध्ये फिल्म धरणाऱ्या चौकटीवर. त्यामुळे कार्ट्रिज देण्याआधी लॅबला या दोन गोष्टी विचाराव्यात. चौकट नसेल तर काळ्या कार्डात १३×१७ मिमीची खिडकी कापूनही काम भागते.

आपला,
एक वाचक