आशाताई, ती फाईल आधी उघडायला लावलीत म्हणून

आशाताईंना सप्रेम नमस्कार,

खानापूर तालुक्यात अर्ज-कागद लिहून देणारे आणि औषधांच्या दुकानात बसणारे आम्ही काहीजण हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. ज्यांच्या लग्नाबद्दल लिहितोय त्या दोन्ही पोरांची परवानगी घेतली आहे, नावं घालत नाही.

वीटभट्टीवर राबणाऱ्या घरातली मुलगी, ऊसवाल्या बागायतदाराचा मुलगा. मुलाकडच्यांचा नकार होताच. त्यात मुलीला फिट येते ही गोष्ट तिच्या माणसांनी दाबून ठेवलेली. "लग्न होऊन जाऊ दे, मग बघू," हे वाक्य आपल्याकडे किती घरांत ऐकू येतं! तुम्ही मात्र मुलीलाच विचारलंत, आणि तिच्या संमतीनं तिच्या आजाराची फाईल दोन्ही घरांसमोर ठेवलीत.

त्या बैठकीत कुणीतरी म्हणालंच की फेफरं असेल तर कायद्यानं लग्न होत नाही. ती अट हिंदू विवाह कायद्यातून १९९९ सालीच गेली, हे तुम्ही शांतपणे सांगितलंत. आजार अडचणीचा नाही, लपवणं अडचणीचं. महत्त्वाची गोष्ट लपवून संमती घेतली तर फसवणूक म्हणून, ती कळल्यापासून एका वर्षात, लग्न रद्द करून मागता येतं. मुलीच्या बापानं हे ऐकलं आणि मान खाली घातली. त्याचा हेतू वाईट नव्हता, भीती होती.

लग्नघरात काय बिघडतं हे तुमच्याइतकं नेमकं कुणी सांगितलं नसेल. हळदीची रात्र, गोंधळाचं जागरण, पहाटेचं उठणं, नवरीचा उपास. झोप मोडली की फिट येण्याची शक्यता वाढते. त्यातच गोळ्यांची पिशवी बॅगेत, बॅग दुसऱ्या गाडीत, आणि रात्रीचा डोस चुकतो. गोळी एकदम बंद झाली तर फिटमागून फिट येऊ शकते. म्हणून तुम्ही तीन दिवसांच्या गोळ्या रुमालात बांधून करवलीच्या कमरेला दिल्यात, सकाळ-रात्री आठचा गजर मोबाईलवर लावलात आणि गोंधळ दहाला आटोपायला लावलात. उपासाला तर सरळ नाही म्हणालात.

फिट आलीच तर काय करायचं, हे मुलाच्या आईला जमिनीवर सतरंजी घालून तुम्ही करून दाखवलंत: कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, गळ्याजवळचं सैल करा, घड्याळ बघा. कांदा, चप्पल, किल्ली काही नको. तोंडात चमचा किंवा बोट तर मुळीच नको, पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीही नको. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर लगेच दवाखाना.

औषधांच्या दुकानातून एक भर घालतो. व्हॅल्प्रोएट हे फिटवरचं औषध चालू असेल तर दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांशी बोलायला हवं, कारण ते बाळाला बाधू शकतं. पण स्वतःहून बंद करायचं नाही. फॉलिक ॲसिडही आधीपासूनच सुरू करतात, किती घ्यायचं ते डॉक्टर ठरवतात. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन ही फिटवरचीच औषधं घेणाऱ्यांना गर्भनिरोधक गोळी पुरेशी लागू पडत नाही. हे लग्नाआधी सांगणारं माणूस विरळा.

कागदांचं आमच्याकडे होतं. दोघं हिंदू, त्यामुळे विशेष विवाह कायद्याची तीस दिवसांची नोटीस लागली नाही. सप्तपदी झाली आणि मग नोंदणी. अडकलं ते नावात. मराठी शाळेच्या दाखल्यावर नावातला 'ज्ञ' इंग्रजीत डी-एन-वाय ने, आधारवर कन्नड उच्चाराप्रमाणे जे-एन-ए ने. सीमाभागात हे रोजचंच आहे, प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावं. तुम्ही दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितलेत म्हणून ते वेळेत सापडलं.

मुलाच्या वडिलांचा राग अजून पुरता गेलेला नाही. ते लग्नालाही मांडवाच्या कडेलाच उभे होते. पण गेल्या सोमवारी मुलाची आई स्वतः दुकानात आली, सुनेच्या महिन्याच्या गोळ्या घेतल्या, पट्टीवरची तारीख दोनदा वाचून घेतली आणि दोन दिवसांच्या जास्तीच्या मागितल्या. जत्रेला जायचंय म्हणाली.

तुमचे आभारी,
खानापूरची मंडळी